खाल्ल्या घरचं सोंग

हशा मोठा होता, हे आधीच सांगून टाकतो. पुढं सगळं कबूल करायचंच आहे, पण जातीचा सोंगाड्या आहे, हशाचं श्रेय सोडवत नाही. कुवेतमधल्या एका शाळेच्या हॉलमध्ये, संक्रांतीनंतरच्या शुक्रवारी दुपारी, हॉलभर मराठी माणसं माझ्या एका वाक्यावर अशी हसली की मागच्या रांगेतला एक जण खुर्चीवरून खाली घसरला. तो हशा मी माझ्या जावयाच्या जिवावर मिळवला. त्याची नोकरी गेली होती आणि ते घरात कळू नये म्हणून तो रोज टाय लावून बाहेर पडत होता. त्याचं ते लपवणं मी स्टेजवर नेऊन उघडं केलं.

मला ठाऊक नव्हतं, असं मी तेव्हा सगळ्यांना सांगितलं. ते निम्मं खरं होतं. उरलेल्या निम्म्यासाठी हे लिहायला बसलोय.

माझं आयुष्य दोन तुकड्यांत गेलं. पहिली तीस वर्षं तमाशाच्या तंबूत, सोंगाड्या म्हणून. पुढची वीस कॅमेऱ्यासमोर, कुणाचा तरी बाप म्हणून. तमाशात शिरलो तेव्हा सोळा वर्षांचा होतो आणि पेट्या उचलत होतो. गवळणीतली मावशी करणारा आमचा म्हातारा सोंगाड्या, त्याला आम्ही वस्ताद म्हणायचो, एकदा तापानं फणफणला आणि त्याचं लुगडं मला नेसवलं. त्या दिवसापासून पेट्या सुटल्या.

बतावणीला कागद नसतो. वगाच्या आधी सरदार आणि सोंगाड्या समोरासमोर उभे राहतात आणि बोलता बोलता लोकांना हसवतात. पण हसवायचं कशावर? तर ज्या गावात तंबू लागलाय त्या गावावर. त्यासाठी दुपारी सगळे झोपले की मी गावात निघायचो. न्हाव्याकडं अर्धी दाढी, गिरणीत पाच मिनिटं, हॉटेलात दोन कप चहा. एवढ्यात गाव हाताला लागायचं. चेअरमननं नवा टोप बसवलाय, मास्तर बायकोच्या भीतीनं शाळेत झोपतो, पोलीस पाटलाची म्हैस फक्त सासूला दूध देते. संध्याकाळी तेच सगळं त्याच गावाला मीठमसाला लावून वाढायचं. ज्याची खिल्ली उडवली तोच दुसऱ्या दिवशी हॉटेलात बोलावून चहा पाजायचा. आपलं नाव तंबूत निघालं, याचा त्याला मान वाटायचा.

वस्तादाचा नियम एकच होता. फडाच्या माणसांची जेवणं गावातल्या एखाद्या घरी असायची. पहिल्याच हंगामात त्यानं मला बाजूला घेऊन सांगितलं, "पोरा, गाव समदं आपलं हाय. कुनाला बी सोडू नगं. पन ज्या घरी भाकरी खाल्ली, त्या घरचं सोंग काढायचं न्हाई. त्या घरची म्हस बी न्हाई."

तीस वर्षं मी हे पाळलं. एका गावी ज्यांच्याकडं जेवलो ते गृहस्थ इतके घाबरट होते की मांजर आडवं गेलं तर बाजाराला निघालेले घरी परत यायचे आणि पुन्हा कपडे बदलून निघायचे. तेही त्याच मांजराला खिडकीतून विचारून. असलं सोन्यासारखं सोंग समोर असून मी जीभ चावत बसलो आणि गावच्या पोस्टमनवर भागवलं. बतावणी पडली, पण वस्ताद खूश झाला.

मग फड मोडला. गुडघेही गेले होते. वाईजवळ एका सिनेमाचं शूटिंग चाललं होतं, तिथं गर्दीत उभं राहायला माणसं हवी होती म्हणून गेलो. दिवसभर झाडाखाली नुसता बसून होतो. डायरेक्टर पोरगेलासा होता. तो माझ्याकडं बघत थांबला आणि म्हणाला, "काका, चेहरा असाच ठेवा."

"कसा?"

"असाच. काही करू नका."

आयुष्यभर मी 'करत' आलो होतो. भुवई उडव, कंबर हलव, जिभेनं टाळूवर टक्क आवाज काढ. हे सगळं काढून घेतल्यावर उरतं ते या लोकांना फार आवडतं, असं मला कळलं. हसवणाऱ्याचा चेहरा रिकामा राहिला की तो दुःखी दिसतो. त्या दिवशी मला एका मुलीचा बाप केलं, आणि पुढं मी बापच राहिलो. नवरीचा बाप, पळून गेलेल्या पोराचा बाप, शिपाई असलेला बाप, दवाखान्याच्या बाकावर बसलेला बाप. मालिकांमध्ये आतापर्यंत अकरा वेळा मेलोय. पहिल्यांदा मेलो ते माझ्या बायकोनं टीव्हीवर बघितलं आणि दुसऱ्या दिवशी मला मांडीवर ताट घेऊन शिरा खाऊ घातला. ती खरोखर गेली त्याला दोन वर्षं झाली.

या धंद्यात सगळं मिळालं, एक सोडून. सेटवर कुणी हसत नाही. हसलं तर टेक वाया जातो. वीस वर्षं मी समोर बसलेल्या माणसांचा हशा ऐकला नव्हता. लोक भेटले की माझे हात हातात घ्यायचे आणि डोळ्यांत पाणी आणायचे. मला त्याचा वीट आला होता. ही माझी भूक ध्यानात ठेवा, पुढं ती लागणार आहे.

लेक कुवेतला असते. बायको गेल्यापासून तिचं चाललं होतं, अण्णा या, अण्णा या. शेवटी डिसेंबरात गेलो. बनेद अल-गारमध्ये पाचव्या मजल्यावर त्यांचा फ्लॅट. जावई मिरकाबमधल्या एका कंपनीत अकाउंट्सला. माणूस लातूरकडचा, मितभाषी, मला मामा म्हणतो आणि माझ्यासमोर पाय वर घेऊन बसत नाही. सात वर्षांची नात आहे. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीतून येतं.

लेक पाचला उठून पोळ्या करायची. जांभळ्या झाकणाचा डबा, झाकणावर नातीनं चिकटवलेलं फुलपाखरू, आत सहा पोळ्या आणि भाजी. जावई साडेसातला टाय लावून, डबा घेऊन निघायचा. सहा पोळ्या खाऊनही माणूस वाळत चाललेला. मी एकदा म्हणालोसुद्धा, "जावईबापू स्वतः जेवतात का हापिसाला जेवू घालतात?" लेक पोळी उलटत हसली. आज ते हसू मला आठवतं. चांगल्या नटीला शोभेल असं होतं ते.

आठवड्याभरात तिथल्या मराठी मंडळाच्या बायका आल्या. "तुम्ही त्या मालिकेतले बाबा ना!" मग फोटो. संक्रांतीच्या कार्यक्रमात मी मुलीच्या पाठवणीचा प्रसंग करून दाखवावा, असं त्यांचं म्हणणं. मी म्हणालो, रडवणार नाही. बतावणी करीन. त्यांची तोंडं जराशी उतरली, पण नाही म्हणवेना. सरदाराच्या कामाला बँकेतला एक खणखणीत आवाजाचा गृहस्थ मिळाला. मला आता फक्त गाव हवं होतं.

कुवेतात न्हाव्याकडं बसून गाव कळत नाही. न्हावी बोलतो हिंदी, तोही निम्मा फोनवर. मंडळातले लोक स्वतःबद्दल चांगलंच सांगतात. लेकीनं मला बजावलं होतं, सकाळी मशिदीच्या कोपऱ्यापर्यंत फिरायचं आणि परत यायचं. मी कोपरा ओलांडला आणि समुद्राच्या कडेकडेनं चालत राहिलो. जानेवारीत तिथली हवा छान असते. पाऊण तासावर, जिथं फिरायला येणारी माणसं विरळ होतात, तिथं गाड्या लावायची एक जागा आहे आणि एक चहाचं छोटं दुकान. दुकानावरचा माणूस रत्नागिरीकडचा निघाला. दाढी पांढरी, मराठी आमच्यापेक्षा गोड. चहा घेऊन वळलो, तर समोर जावयाची गाडी.

नंबर माझा पाठ होता. मागच्या काचेत नातीची बाहुली होती. गाडीचं तोंड समुद्राकडं. दहा वाजले होते आणि जावई आत सीट मागं टाकून बसला होता.

मी हाक मारणार होतो. खरंच मारणार होतो. तेवढ्यात त्यानं डबा काढला. टायला डाग पडू नये म्हणून टाय उचलून खांद्यावरून मागं टाकला, आणि दार उघडून पाय बाहेर सोडले. लगेच चार मांजरं आली. तिकडची मांजरं धीट असतात. त्यानं पोळीचे तुकडे केले आणि एकेकाला नंबरानं द्यायला लागला. एक बोका दुसऱ्याचा तुकडा पळवायला लागला तर त्याला बोट दाखवून काहीतरी म्हणाला. माझ्या आतला सोंगाड्या ताडकन उठून बसला. वीस वर्षांनी उठला होता बिचारा.

मी खजुराच्या झाडाआड बाकावर बसलो आणि बघत राहिलो. दुसऱ्या दिवशी गेलो. तिसऱ्या दिवशीही. टाय खांद्यावर टाकायची लकब, मांजरांची रांग, मोबाइलवर काहीतरी लिहून अंगठा हवेत थांबवायचा आणि मग पुसून टाकायचं, सगळं उचललं. दुपारी न्हाणीघरात दार लावून तालीम केली. माझं म्हणणं असं होतं की जावई कामचुकार आहे. कुवेतात येऊनही आपला माणूस बुट्टी मारतो आणि मांजरांसोबत डबा खातो. केवढं गोड सोंग! मी स्वतःला हेच सांगत होतो.

तिसऱ्या दिवशी चहावाला माझ्याजवळ येऊन पुटपुटला, "नाय बगायचा चाचा त्या गाडीकडं. सकालच्या टायमाला गाडीत बसलेला मानूस दिसला तं हितं कोन नाय बगत."

"का हो?"

"अशीच रीत हाय," म्हणाला आणि कप उचलून गेला.

एवढं सांगितल्यावर शहाण्या माणसाला कळावं. तिथं राहणाऱ्याचा इकामा, म्हणजे राहायचा परवाना, नोकरीला बांधलेला असतो, बायकोपोरांचा त्याच्या इकाम्याला, आणि माझा व्हिसाही त्याच्याच कागदावर आलेला. नोकरी गेली की सगळं घरच अधांतरी. हे मला तेव्हा नीट ठाऊक नव्हतं, ही माझी ठाऊक नसलेली निम्मी बाजू. दुसरी बाजू अशी की त्याच दिवशी मी जावयाला स्टिअरिंगवर कपाळ टेकून बसलेला पाहिला होता. बराच वेळ. ते मी सोंगात घेतलं नाही. त्याला हशा येणार नाही हे मला कळलं, म्हणजे ते काय आहे हेही मला कळलंच असणार.

वस्तादाचा नियमही आठवला. पण मन मोठं लबाड. म्हटलं, लेकीचं घर ते काय परक्याचं घर का? आणि नाव कुठं घेणार आहे मी? हॉलमध्ये इतके टायवाले, त्यातला कुठला हे कोण ओळखणार?

शुक्रवारी सुट्टी म्हणून डबा ओट्यावर पालथा होता. सोंगाला हवा म्हणून तोच पिशवीत टाकला. एवढा जुना नट, पण दुसरा कुठला डबा घ्यावा हे सुचलं नाही. आणि टाय जावयाचाच मागून घेतला. मला गाठ जमेना, तेव्हा स्टेजमागं त्यानंच बांधून दिली. हनुवटी वर करा मामा, म्हणाला. त्याचे हात गार होते.

बतावणी रंगत गेली. सुरुवातीला पोरंटोरं हसली, मग बायका. सोंगाड्याला हशा तुकड्या-तुकड्यांनी ऐकू येतो, डावीकडचा किती, उजवीकडचा किती. मला वाटलं, वीस वर्षांत काही विसरलो नाही.

"काय रे, एवढा टाय-बिय लावून निघालास कुठं?" सरदारानं विचारलं.

"हापिसला."

"कसलं हापिस?"

"लई मोठं, सरदार. भिंती काचंच्या, दारं चार, आन् खालनं चाकं बी चार!"

इथं हशा फुटला. मी टाय खांद्यावरून मागं टाकला, मांजरांना रांगेत उभं केलं. हा मॅनेजर, सारखा पंजा मारतो. हा एचआर, गोड म्याँव करत येतो आणि पोळी घेऊन पळतो. हॉल दणाणला. पण माझ्या कानांनी एक गोष्ट टिपली. मधल्या रांगांतले काही पुरुष गप्प झाले होते. चाळिशी-पन्नाशीचे, कुवेतात बरीच वर्षं काढलेले. ते आपापल्या मांडीकडं बघत होते. तमाशात असं झालं की आम्ही समजायचो, जोर कमी पडतोय. मी जोर वाढवला आणि पिशवीतून डबा काढून वर धरला.

पहिल्या रांगेतून नात उभी राहिली आणि आनंदानं ओरडली, "दॅट्स माय डॅडीज टिफिन!"

सगळा हॉल तिच्याकडं वळला, मग तिच्या शेजारी बसलेल्या तिच्या बापाकडं. आणि हसला. जावईही हसत होता. सगळ्यांपेक्षा मोठ्यानं, टाळ्या वाजवत. लेक हसत नव्हती. ती माझ्याकडं बघतही नव्हती. तिनं नवऱ्याच्या गुडघ्यावर हात ठेवला होता आणि त्याच्याकडं बघत होती.

मला तिथं थांबता आलं असतं. सोंगाड्याला विषय फिरवायला एक शब्द पुरतो. पण हशा चढत होता, आणि सरदारानं भाबडेपणानं पुढचा चेंडू टाकला, "डबा सकाळी उघडतोस, संध्याकाळी झाकतोस. मधल्या वेळात काम काय करतोस?"

"मधल्या येळात बायकूला कळू देत न्हाई! फुल टाइम काम हाय, सरदार!"

हाच तो हशा. मागच्या रांगेतला माणूस याच वाक्यावर घसरला. हे वाक्य मी ठरवलेलं नव्हतं, तालमीत नव्हतं, ते आपोआप तोंडातून आलं. मला काही ठाऊक नव्हतं म्हणणाऱ्याच्या तोंडात हे वाक्य आलं कुठून, हे मला अजून कुणी विचारलेलं नाही.

शाल झाली, श्रीफळ झालं, तिळगूळ घ्या गोड बोला झालं. जाताना ते गप्प बसलेले पुरुष एकेक करून जावयाजवळ आले, त्याचा हात दाबून गेले. गाडीत नात बडबडत होती, "आजोबा, यू वर सो फनी!" जावई घरापर्यंत एकच वाक्य बोलला. "मामा, सीटबेल्ट लावा."

दुसऱ्या दिवशी शनिवार, सुट्टीच. जावई खोलीतून बाहेर आला नाही. लेक स्वयंपाकघरात तो डबा घासत होती. स्वच्छ असलेला डबा पुन्हा पुन्हा घासत होती. मी दारात उभा राहिलो.

"पोरी, मला ठाऊक नव्हतं गं," म्हणालो.

"मला माहीत होतं, अण्णा."

मला आधी कळलं नाही ती काय म्हणते ते.

"पहिल्या दिवसापासून माहीत होतं," ती म्हणाली. "पँटवर मांजराचे केस यायला लागले. ऑफिसात मांजर असतं का? तुम्ही यायच्या आठवडाभर आधी त्याला नोटीस मिळाली. तुम्हाला येऊ नका म्हणाला असता, तर कारण सांगावं लागलं असतं. म्हणून येऊ दिलं."

"आणि तू बोलली नाहीस?"

"काय बोलायचं? तो रोज उठून दाढी करत होता, चार ठिकाणी अर्ज करत होता, संध्याकाळी येऊन ऑफिसातल्या गमती सांगत होता. मी ऐकत होते. त्याला धरून ठेवायला तेवढंच होतं माझ्याकडं." डबा तिनं पालथा घातला. "चार पोळ्या खातो तो. दोन मी जास्त घालत होते. मांजरांना देतो म्हणून."

माझ्या आयुष्यात एवढी शरम मला कधी वाटली नव्हती. तमाशावाला म्हणून लोकांनी उंबऱ्याबाहेर बसवलं होतं तेव्हाही नाही.

"मला माहीत आहे, हे त्याला माहीत नव्हतं," लेक म्हणाली. "काल झालं. तुम्ही ते वाक्य म्हणालात तेव्हा त्यानं माझ्या तोंडाकडं बघितलं. मला हसायला जमलं नाही, अण्णा. रोज जमत होतं, कालच जमलं नाही."

ती रडली नाही. मीच रडलो, आणि रडताना मला कळत होतं की मी बरोबर उजेडाच्या बाजूला तोंड करून रडतोय. वीस वर्षांची सवय. तिलाही ते दिसलं असावं. ती म्हणाली, "बसा आता. चहा टाकते."

रविवारी पाचला तिचा गजर वाजला आणि तिनं सवयीनं पोळ्या केल्या. सहाच. साडेसातला जावई बाहेर आला तो घरच्या कपड्यांत. टेबलाशी बसून दोन पोळ्या खाल्ल्या. लेकीनं विचारलं, अजून वाढू? तो नको म्हणाला. दोघं एकमेकांशी फार नम्रपणे बोलत होते, नव्यानं ओळख झाल्यासारखे. त्या दिवसापासून गाडी खालीच उभी राहिली.

मंडळातल्या लोकांचे फोन आले. नुसते चौकशीचे नव्हते. कुणी त्याची माहिती आपल्या ऑफिसात दिली, कुणी ओळखीच्याकडं पाठवली. मधल्या रांगेतल्याच एकानं मीना अब्दुल्ला भागातल्या एका ठेकेदार कंपनीत शब्द टाकला आणि तिथं त्याचं काम झालं. पद आधीपेक्षा खालचं, पण कागद वेळेत फिरले आणि घर तिथंच राहिलं. मंडळातल्या एक बाई मला फोनवर म्हणाल्या, "बघा, तुमच्या विनोदानं भलंच झालं की!" मी ओशाळून हं म्हणालो. खरं सांगतो, क्षणभर मला ते गोडही वाटलं. असा मी आहे. पण घरात संध्याकाळी आता ऑफिसातल्या गमती कुणी सांगत नव्हतं. जावई यायचा, हातपाय धुवायचा, बातम्या लावायचा. लेक त्याच्यासमोर बसायची आणि दोघं टीव्ही बघायची. मला त्या टीव्हीचा आवाज सहन होईना, म्हणून मी परतीचं तिकीट आधीचं करून घेतलं.

विमानतळावर सोडायला जावई एकटा आला. लेक दारातूनच पाया पडली होती. बॅग आतपर्यंत ओढत आणली त्यानं, माझे कागद दोनदा तपासले. मग मी आत जाणार तेवढ्यात म्हणाला, "मामा, एक विचारू? राग मानू नका."

"विचारा की."

"तुम्ही तीन दिवस आला होता तिथं. चहावाल्यानं सांगितलं मला." तो माझ्या खांद्यावरून मागं कुठंतरी बघत होता. "एकदा काचेवर टकटक का नाही केलीत?"

आवाजात राग नव्हता. त्याला खरंच हवं होतं ते उत्तर. त्या तीन दिवसांत कुणी येऊन शेजारच्या सीटवर बसलं असतं तर त्याला ते चाललं असतं, एवढं मला त्याच्या तोंडाकडं बघून कळलं. मालिकेत असतो तर अशा वेळी माझ्या हातात वाक्य दिलेलं असतं. आणि काही करू नका काका, म्हणून सांगायला कुणी असतं.

मी म्हणालो, "उशीर होईल मला, जावईबापू," आणि आत गेलो.

उत्तर मला तेव्हाही येत होतं. टकटक केली असती तर जावईबापू दचकून सरळ बसले असते, टाय खांद्यावरून खाली घेतला असता, आणि माझं सोंग तिथंच संपलं असतं. मला ते तसेच बसलेले हवे होते. हे त्यांच्या तोंडावर सांगायची हिंमत झाली नाही. लेक हे वाचेल आणि त्यांना वाचून दाखवेल, म्हणून इथं लिहिलं आहे.